बार टेबलवरचा सर्वात भारी खेळाडू कोण? आधी व्हाइट कुठला ते सांगा

प्रश्न थोडक्यात असा आहे की गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अमेरिकेतल्या बार टेबलवर, म्हणजे बारमध्ये असतं ते सात फुटी, नाणं टाकून चालणारं पूल टेबल, त्याच्यावर सगळ्यात भारी कोण खेळलं. विचारणाऱ्याच्या ग्रुपमध्ये एकजण एफ्रेन रेयेस म्हणतो, दुसरा शेन व्हॅन बोनिंग, तिसरा अर्ल स्ट्रिकलंड, आणि एक काका आहेत ते डेव्हिड मॅटलॉक असं नाव घेतात जे बाकीच्या कोणी ऐकलेलंच नाही.

माझं मत आधीच सांगतो, काका बरोबर आहेत. निदान अर्ध्या प्रश्नापुरते तरी नक्की. पण का बरोबर आहेत ते नीट सांगायला लागेल कारण हा वाद मी इथे एकवीस वर्षं ऐकतोय आणि दर वेळी लोक टेबलबद्दल बोलायचं सोडून ट्रॉफ्या मोजत बसतात.

माझ्याबद्दल एवढंच की मी मूळचा कोल्हापूरचा, कॅन्सस सिटीजवळ राहतो, नोकरी आयटीत, पण आठवड्यातल्या दोन रात्री लीग आणि शनिवार-रविवार टेबलांची कामं करतो, म्हणजे कापड बदलणं, कुशनची रबरं बदलणं, टेबल लेव्हलला आणणं. तेव्हा बार टेबल मी खेळलोय पण आणि त्याच्या पोटात हात घालून पण बघितलंय. आणि हो, मॅटलॉक याच भागातला, कॅन्सस सिटीचा, त्यामुळे माझं मन थोडं त्याच्याकडे झुकलेलं असणार हे धरूनच पुढचं वाचा.

माझी या टेबलाशी पहिली ओळख कशी झाली ते आधी सांगतो कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. मी पुण्यात कॉलेजात असताना पार्लरमध्ये भरपूर खेळलेलो, हात बऱ्यापैकी बसलेला. इथे आल्यावर ऑफिसातले लोक एका बारमध्ये घेऊन गेले. एट-बॉल चालू होता, म्हणजे आपले सात बॉल घालून शेवटी आठ नंबर घालायचा तो खेळ. मला एकदम सरळ शॉट मिळाला, व्हाइट (क्यूने मारायचा पांढरा बॉल), बॉल आणि पॉकेट एका रेषेत, अंतर फार तर दीड फूट. स्टॉप शॉट मारायचा, व्हाइट जागेवर उभा राहणार, मग शेजारचा बॉल घ्यायचा, साधा हिशोब. मी नेहमीसारखा मधोमधच्या जरा खाली मारला, बॉल पॉट झाला आणि व्हाइट थांबलाच नाही, आरामात चार-पाच इंच पुढे सरकला आणि आठ नंबरच्या मागे जाऊन बसला. मला वाटलं माझंच चुकलं. पुढच्या वेळी अजून खाली मारलं, तरी तेच. तिथे रोज येणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी काही न बोलता व्हाइट आणि एक रंगीत बॉल शेजारी शेजारी ठेवले आणि दोघांच्या डोक्यावर त्यांचं ड्रायव्हिंग लायसन्स आडवं ठेवलं. ते तिरकं राहिलं. व्हाइट उंच होता! बॉल दिसायला सारखेच, पण व्हाइट मोठा.

आता तो मोठा का असतो, तर नाण्याच्या टेबलात पॉट झालेले बॉल आत अडकून राहतात, पुढचं नाणं टाकल्याशिवाय बाहेर येत नाहीत, पण व्हाइट चुकून पॉकेटात गेला तर तो परत यायलाच पाहिजे नाहीतर गेमच थांबेल. मग टेबलाच्या आत व्हाइट वेगळा ओळखायचा कसा? जुन्या टेबलांत सोपा उपाय केला, व्हाइटच मोठा केला. आतल्या वाटेवर एक जागा अशी की साधे बॉल त्यातून खाली जातात आणि मोठा अडकून वेगळ्या वाटेने बाहेर येतो. साधा बॉल सव्वादोन इंच व्यासाचा आणि हा व्हाइट दोन पूर्णांक तीन अष्टमांश इंच. ऐकायला फरक किरकोळ, पण वजन व्यासाच्या घनात वाढतं, म्हणजे हिशोब केला तर व्हाइट साधारण सतरा-अठरा टक्के जड. काही ठिकाणी आकार तोच ठेवून जड मटेरियलचा व्हाइट असायचा, ज्याला जुने लोक अजूनही चिखलाचा गोळा म्हणतात. नंतर चुंबकवाले व्हाइट आले, आत लोखंड असलेले, ते आकाराने बरोबर पण मारताना वेगळे लागतात. आणि त्यानंतर इंडियानातल्या डायमंड कंपनीच्या टेबलांत सेन्सर आला, तिथे सगळ्या बॉलसारखाच नेहमीच्या वजनाचा व्हाइट चालतो.

कॅरम खेळलेल्या माणसाला हे पटकन कळेल. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, त्यामुळे सरळ सोंगटीवर मारलात तरी स्ट्रायकर मागोमाग पुढे जातोच, त्याला जागेवर थांबवणं जवळपास अशक्य. पूलमध्ये व्हाइट आणि बॉल सारख्या वजनाचे असले की व्हाइट आपला सगळा वेग बॉलला देऊन गप्प उभा राहतो आणि तिरका शॉट असेल तर काटकोनात निघून जातो, अख्खं पोझिशनचं, म्हणजे पुढच्या शॉटसाठी व्हाइट कुठे थांबवायचा याचं, गणित या काटकोनावर उभं आहे. व्हाइट सतरा टक्के जड झाला की सरळ धडकेत त्याच्याकडे साधारण आठ टक्के वेग उरतोच आणि तिरक्या शॉटला तो काटकोनाच्या जरा पुढच्या बाजूला ओढला जातो. आठ टक्के म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण जोरात मारलेल्या शॉटला तेच चार-पाच इंच होतात, आणि सात फुटी टेबलवर चार-पाच इंच म्हणजे पुढचा बॉल आहे किंवा नाही एवढा फरक. मागे आणायचा म्हणजे ड्रॉ मारायचा तर दुप्पट कष्ट. फॉलो, म्हणजे व्हाइट बॉलच्या मागोमाग पुढे पाठवणं, मात्र लोण्यासारखा जातो. शिवाय मोठा व्हाइट बॉलला त्याच्या मध्याच्या वरच्या भागात लागतो, त्यामुळे बारीक कट मारताना डोळ्याला एक दिसतं आणि होतं दुसरंच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की बार टेबलवर सगळ्यात भारी कोण हा एक प्रश्नच नाही, ते निदान दोन आहेत. मोठ्या किंवा जड व्हाइटच्या काळात कोण, आणि नेहमीच्या व्हाइटच्या काळात कोण. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला माती विभाग वेगळा आणि गादी विभाग वेगळा असतो की नाही, दोन्हीकडचे विजेते शेवटी गदेसाठी भिडतात हे खरं, पण मातीवरचा पैलवान आणि गादीवरचा पैलवान यांची अंगं वेगळी तयार झालेली असतात हे तालमीतलं पोरगं पण सांगेल. मातीत पाय रुततो, गादीवर सटकतो, डाव तोच पण टायमिंग वेगळं. नऊ फुटी टेबल आणि जुनं बार टेबल यात नेमका हाच फरक आहे, आणि गंमत म्हणजे पूलमध्ये ती शेवटची गदेची कुस्ती कधी नीट झालीच नाही, म्हणून हा वाद संपत नाही.

आता लोक म्हणतात सात फुटी टेबल सोपं, बॉल जवळ, पॉकेट जवळ, त्यात काय. पॉट करायला सोपं आहे हे मान्य. पण नऊ फुटी टेबलचा खेळायचा भाग १०० बाय ५० इंच, आणि सात फुटीचा त्याच्या सुमारे ६० टक्के. बॉल मात्र तेवढेच, एट-बॉलला १५ आणि वर व्हाइट. म्हणजे वन रूम किचनमध्ये पंधरा पाहुणे. जिकडे बघाल तिकडे वाट अडलेली, दोन-तीन बॉल चिकटून बसलेले, व्हाइटला फिरायला जागा नाही. मोठ्या टेबलवर ज्यांचा स्ट्रोक मोठा, जे व्हाइटला तीन कुशन फिरवून बरोबर जागी आणतात, ते इथे व्हाइट मोकळा सोडला की कशावर तरी आपटून अडकतात. इथे कमी हलवणारा जिंकतो. सहा इंच पुढे, चार इंच मागे, बस्स. आणि कुठला बॉल आधी घ्यायचा, कुठला आठसाठी किल्ली म्हणून ठेवायचा, चिकटलेले बॉल केव्हा फोडायचे, हे ब्रेक, म्हणजे सुरुवातीचा बॉल फोडायचा शॉट, झाल्या झाल्या दिसायला पाहिजे.

एक उदाहरण देतो. समजा तुमचे सात बॉल आहेत, त्यातले दोन वरच्या कुशनला एकमेकांना चिकटून आहेत, आणि आठ मधल्या पॉकेटाजवळ. नवखा माणूस आधी पाच सोपे बॉल घालतो आणि मग त्या दोघांकडे बघतो, तेव्हा त्याच्याकडे फोडायला जाण्यासाठी एकही बॉल उरलेला नसतो. बार टेबलचा जाणकार पहिल्या किंवा दुसऱ्या शॉटलाच, टेबलवर अजून चार पर्याय शिल्लक असताना, फॉलोने व्हाइट त्यांच्यावर हलकेच नेतो, म्हणजे फुटले नाहीत नीट तरी खेळायला दुसरं काहीतरी आहे. आणि जड व्हाइट असेल तर त्याला हे पण माहीत असतं की हा फॉलोचा धक्का जास्त जोरात बसणार आहे, म्हणून हात आखडता घेतो. हे कुठल्या ट्रॉफीत दिसत नाही पण रात्रभर बसून बघितलंत तर तासाभरात कळतं कोण या टेबलचा आहे आणि कोण पाहुणा आहे.

नाण्याच्या यंत्राने खेळ कसा घडवला हे पण लक्षात घ्या. बॉल आत गेला की गेला, परत काढून टेबलवर मांडता येत नाही. त्यामुळे स्ट्रेट पूल किंवा वन-पॉकेट, ज्यात बॉल परत मांडावे लागतात, ते या टेबलवर जमतच नाहीत. एट-बॉल जमतो कारण त्यात काही परत मांडायची वेळच येत नाही. म्हणून पन्नास-साठच्या दशकात मिशिगनमधल्या बे सिटीच्या व्हॅलीसारख्या कंपन्यांची टेबलं गावोगावच्या बारमध्ये गेली तसा एट-बॉल हा सामान्य अमेरिकन माणसाचा पूल झाला, आणि चॅम्पियन लोक मात्र मोठ्या टेबलवर स्ट्रेट पूल आणि नंतर नाइन-बॉल, म्हणजे नऊच बॉल नंबराच्या क्रमाने मारायचा खेळ, खेळत राहिले. दोन वेगळी जगंच झाली म्हणा ना. अजून एक गोष्ट, आपल्याकडे पार्लरमध्ये तासावर पैसे असतात किंवा हरेल तो टेबलचे पैसे देतो. तिथे बारमध्ये जिंकणारा टेबलवर राहतो आणि आव्हान देणारा आपलं नाणं कुशनवर ठेवून नंबर लावतो. म्हणजे चांगला खेळाडू रात्रभर फुकट खेळतो, हात तापलेला असतो, आणि प्रत्येक नवा माणूस थंड हाताने येतो. अशा ठिकाणी तासन् तास टेबल धरून ठेवणं ही स्वतंत्र कला आहे.

मोठी नावं मात्र बारमधल्या चिल्लरवर झाली नाहीत, ती झाली पैशाच्या गेमवर. साठच्या दशकापासून ऐंशीपर्यंत अमेरिकेत रस्त्यावरचे खेळाडू होते, गाडीत क्यू टाकून गावोगाव फिरायचे, जिथे तेलाचा पैसा, जिथे लष्कराची छावणी, जिथे तंबाखूचं पीक विकलं गेलंय तिथे जायचे, नाव बदलून खेळायचे. वेड क्रेन बिली जॉन्सन नावाने फिरायचा हे पूलच्या जगात सर्वांना माहीत आहे. खुद्द एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये फिलिपीन्सहून ह्यूस्टनला आला तो सीझर मोरालेस या नावाने, आणि तिथल्या रेड्स नावाच्या हॉलमधली स्पर्धा मारून गेला, तेव्हा लोकांना कळलं की हा कोण आहे. या सगळ्या व्यवहारात कागदावर काही राहत नाही. बार टेबलवर अनोळखी गावात रात्री दोन वाजता कोणी कोणाला किती बॉलची सूट देऊन हरवलं याची नोंद कुठे असणार? जे राहतं ते फक्त इतर खेळाडूंचं मत, आणि ते मला ट्रॉफीइतकंच वजनदार वाटतं, कारण ज्यांचे स्वतःचे पैसे गेलेत ते उगाच कोणाचं कौतुक करत नाहीत.

आणि त्या मतात डेव्हिड मॅटलॉकचं नाव ज्या सातत्याने येतं तसं दुसऱ्या कोणाचं येत नाही. कॅन्सस सिटीचा माणूस, एट-बॉल आणि सात फुटी टेबल हीच त्याची जमीन. मोठ्या टेबलचे चॅम्पियन सुद्धा बार टेबलवर त्याच्याशी खेळायला तयार होताना आधी अटी बोलायचे. नऊ फुटीवरच्या मोठ्या किताबांच्या यादीत त्याला शोधाल तर निराश व्हाल, म्हणून नव्या पोरांना तो माहीत नाही. पण वर सांगितलं ना, कमी हलवायचं, अडचणीतून आधीच वाट काढून ठेवायची, जड व्हाइटचा स्वभाव हातात भिनलेला, त्या खेळात तो माझ्या मते एक नंबर. त्याच्यासारखे लोक अडचणीच्या बॉलचं गणित सोडवत बसत नाहीत, अडचण येण्याआधीच टेबल साफ झालेलं असतं, बघणाऱ्याला वाटतं याला सगळे सोपेच बॉल मिळाले.

त्याच्या बरोबरीने बडी हॉलचं नाव घ्यायलाच पाहिजे. इलिनॉयमधल्या मेट्रोपोलिस गावचा, टोपणनाव रायफलमॅन, नाइन-बॉलची यूएस ओपन १९९१ आणि १९९८ मध्ये जिंकलेला, म्हणजे मोठ्या टेबलवर पण राजा. धिप्पाड माणूस पण हात इतका हलका की व्हाइट जणू दोरीने बांधलाय. बडी हॉलचा खेळ बघितला की कळतं व्हाइट कमीत कमी हलवणं म्हणजे काय, त्यामुळे छोट्या टेबलवर तो आपोआप बसतो, त्याला काही बदलावंच लागत नाही. माझ्या यादीत जुन्या काळात मॅटलॉक पहिला आणि बडी दुसरा, आणि तुम्ही उलटं लावलंत तर मी भांडणार नाही. दोन्ही टेबलं मिळून विचारलंत तर बडी पहिला.

मग कीथ मॅकक्रेडी. कॅलिफोर्नियाचा, हाताचा कोपर बाहेर काढून बाजूने स्ट्रोक मारायचा, म्हणतात लहानपणी टेबल उंच पडायचं म्हणून तशी सवय लागली. पैशाच्या गेममध्ये याच्यासारखा निर्भय माणूस कमी. पण त्याचा खेळ शॉट मारण्याचा, अवघड बॉल घालून परिस्थिती वाचवण्याचा. बार टेबलवर हे भयंकर चालतं कारण अंतर कमी, जवळपास सगळंच पॉट होतं. एका रात्रीपुरता विचारलंत तर मॅकक्रेडी कोणालाही हरवेल. वर्षभराचा हिशोब लावलात तर मी त्याला तिसरा ठेवतो.

अर्ल स्ट्रिकलंडबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही. यूएस ओपन पाच वेळा, १९८४ पासून २००० पर्यंत, वर्ल्ड नाइन-बॉल तीन वेळा. १९९६ मध्ये डॅलसला दहा रॅक, म्हणजे दहा गेम, सलग ब्रेकपासून साफ केले तर दहा लाख डॉलर असं बक्षीस लावलं होतं, हा गेला आणि अकरा केले. नाइन-बॉलमध्ये त्याच्यासारखा स्ट्रोक मी पाहिलेला नाही. पण प्रश्न बार टेबलचा आहे. अर्लचा खेळ म्हणजे मोठं मैदान, व्हाइट सैराट सोडायचा आणि तरी बरोबर जागेवर आणायचा. ते मैदानच काढून घेतलं तर त्याची अर्धी हत्यारं म्यानात राहतात. तो हरेल असं मी म्हणत नाही, अर्ल कुठेही जिंकू शकतो, पण या टेबलने त्याची खरी ताकद बाहेर आणली असं मला कधी वाटलं नाही.

एफ्रेनचं प्रकरण जरा अवघड आहे आणि यावर मी स्वतः दोनदा मत बदललंय. एफ्रेनवाले म्हणतात एट-बॉलचा सर्वात मोठा खेळाडू तोच, आणि त्यात तथ्य आहे. १९९९ ला कार्डिफमध्ये वर्ल्ड नाइन-बॉल जिंकला, पण एट-बॉलचा वर्ल्ड पण २००४ ला घेतला, आणि २००६ मध्ये रेनोला आयपीटीची (इंटरनॅशनल पूल टूर) वर्ल्ड ओपन एट-बॉल स्पर्धा जिंकला, पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर, आणि ती मुद्दाम संथ कापडावर खेळवलेली. संथ कापड आणि एट-बॉल म्हणजे बार टेबलच्या जवळ जाणारी गोष्ट. शिवाय अडकलेल्या जागेतून किक मारून, म्हणजे व्हाइट आधी कुशनला लावून, सुटणं यात जगात त्याला तोड नाही, रेनोलाच १९९५ मध्ये अर्लविरुद्ध मारलेला तो झेड आकाराचा किक शॉट लोक अजून बघतात. पण बघा, ती सगळी टेबलं नऊ फुटी होती आणि व्हाइट नेहमीचा होता. म्हणून मी असं म्हणतो की एफ्रेन हा पूलचा सर्वात मोठा खेळाडू, कदाचित एट-बॉलचा पण, आणि तरीही बार टेबलचा सर्वात मोठा हे त्यातून आपोआप निघत नाही. जसं मुंबईच्या मैदानावर द्विशतक ठोकणाऱ्याला गल्लीतल्या एक टप्पा आउटमध्ये पण तोच भारी असं न बघता म्हणता येत नाही.

एक मुद्दा मध्येच सांगतो कारण कोणीतरी तो काढणारच. छोट्या टेबलवर खेळलेलं खऱ्या पूलमध्ये मोजायचं नाही असं म्हणणारे लोक विली मोस्कोनीचं ५२६ सलग बॉलचं उदाहरण देतात, मोठा विक्रम म्हणून. तो विक्रम त्याने १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला केला आणि ते टेबल आठ फुटी होतं. नऊ फुटी नव्हतं. टेबल लहान म्हणून मोस्कोनी लहान होत नाही ना? मग मॅटलॉकला पण तोच न्याय लावा.

१९८१ च्या सुमारास सगळं बदलायला लागलं. टेरी बेल आणि लॅरी हबार्ट, दोघेही स्वतः प्रो खेळाडू, त्यांनी बारमधल्या साध्या खेळाडूंसाठी हँडिकॅपवाली, म्हणजे कच्च्या खेळाडूला सूट देणारी, लीग काढली, आधी एका बिअर कंपनीच्या नावाने चालायची, पुढे तीच एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) झाली. व्हॅलीची आणि बाकीच्यांची पण लीग आली. लास व्हेगासला एकाच हॉलमध्ये शेकडो सात फुटी टेबलं मांडून स्पर्धा व्हायला लागल्या. यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे बार टेबलला लेखी इतिहास मिळाला. दुसरी, आणि माझ्या दृष्टीने मोठी, लीगवाल्यांना एकसारखी परिस्थिती हवी असते म्हणून व्हाइट सुधारत गेला, कापड सुधारत गेलं. पूर्वी जाड लोकरीचं, बिअर सांडून सांडून कडक झालेलं कापड असायचं, मी असं एक काढलं होतं तेव्हा खालच्या स्लेटवर तपकिरी डागांचा अख्खा नकाशा होता. त्यावर बॉल शेवटच्या फुटात स्वतःच्या मर्जीने वळतो. आता बेल्जियमचं पातळ वेगवान कापड असतं आणि बॉल धावतो.

आणि या नव्या काळाचा राजा शेन व्हॅन बोनिंग, यात माझ्या मनात अजिबात शंका नाही. साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचा, जन्म १९८३ चा, जन्मापासून ऐकू येत नाही, मशीन लावून खेळतो. घरात आजोबा, आई, मावशी सगळेच पूलवाले. त्या भागात पूल म्हणजे सात फुटी टेबलच, त्यामुळे तो मोठ्या टेबलवरून इथे पाहुणा म्हणून आलेला नाही, इथूनच तिकडे गेला. पुढे यूएस ओपन पाच वेळा आणि २०२२ मध्ये वर्ल्ड नाइन-बॉल. रेनोला यूएस बार टेबल चॅम्पियनशिप सुरू झाली, त्यात एट, नाइन आणि टेन-बॉल तिन्ही सात फुटीवर, आणि तिथे तो पुन्हा पुन्हा जिंकलाय. त्याचा ब्रेक हे त्याचं सर्वात मोठं हत्यार. वेगवान कापड, नेहमीचा व्हाइट आणि छोटं टेबल अशा ठिकाणी चांगला ब्रेक झाला की समोरच्याला खुर्चीतच बसायचं असतं. फिलिपीन्सचा डेनिस ऑर्कोलो, ज्याने २०११ ला वर्ल्ड एट-बॉल घेतला, तो त्याच्या सर्वात जवळ जाणारा, आणि केंटकीतल्या पदुकाचा स्कायलर वुडवर्ड हा आताच्या पिढीत बार टेबलची खरी नजर असलेला पोरगा. वुडवर्डला खेळताना बघा, विचार करायला थांबतच नाही, आठ बॉलपर्यंतचा रस्ता त्याला आधीच दिसलेला असतो.

एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवा म्हणजे पुढच्या वेळी ग्रुपमध्ये निकालांवरून भांडण होणार नाही. छोटं टेबल दोन खेळाडूंमधलं अंतर कमी करतं. लांब शॉट नाहीत, त्यामुळे मध्यम खेळाडू पण ब्रेकपासून रॅक साफ करू शकतो, आणि सात गेमच्या सामन्यात कोणीही कोणालाही हरवू शकतं. म्हणून बार टेबलवरची एखादी स्पर्धा कोण जिंकलं यावरून काही ठरवू नका. दहा वर्षं सतत वर कोण आहे ते बघा, किंवा लांब सेट बघा, पन्नास-शंभर गेमचे. मॅटलॉक आणि शेन दोघांच्या बाबतीत मला पटणारी गोष्ट हीच आहे की जे टेबल सगळ्यांना एका पातळीवर आणतं त्याच टेबलवर हे दोघं इतकी वर्षं बाकीच्यांच्या वर राहिले.

आता तुमच्या ग्रुपसाठी सरळ उत्तर. दोघांना त्यांच्या ऐन भरात समोरासमोर आणलं, एट-बॉल, शंभरचा सेट म्हणजे आधी शंभर गेम घेईल तो जिंकला, माझे पैसे कोणावर? टेबल जुनं व्हॅली, कापड जाड आणि व्हाइट मोठा असेल तर मॅटलॉकवर, आणि शंभरला शेन ऐंशीच्या आसपास असेल असं मला वाटतं. डायमंडचं टेबल, नवं कापड आणि नेहमीचा व्हाइट असेल तर शेनवर, मॅटलॉक नव्वदला. आणि एफ्रेनला मधल्या काळातल्या चुंबकवाल्या व्हाइटवर या दोघांपैकी कोणाशीही खेळवलं तर मी पैसे खिशातच ठेवीन आणि पुढची खुर्ची पकडून बघत बसेन.